नोबेलची हळहळ, मातृभाषेचा विसर

१ जानेवारी जवळ आली, की वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आणि शाळांच्या फलकांवरून सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव झळकू लागते. १८९४ साली याच दिवशी कोलकात्यात जन्मलेल्या या थोर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाचे स्मरण देशात होते, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र हे स्मरण बहुधा एकाच सुरात होते आणि तो सूर हळहळीचा असतो. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही, पाश्चात्त्यांनी भारतीय प्रतिभेवर अन्याय केला, एवढे म्हटले की श्रद्धांजली पुरी होते.

या हळहळीचा कळस ४ जुलै २०१२ रोजी गाठला गेला. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनशी मिळताजुळता कण सापडल्याची घोषणा त्या दिवशी केली आणि भारतात चर्चा सुरू झाली ती अक्षराची. इंग्रजीत हिग्ज यांचे नाव मोठ्या अक्षराने आणि बोसॉन मात्र लहान अक्षराने का लिहितात, असा संतप्त प्रश्न विचारला गेला. वास्तविक बोसॉन हे एका कणाचे नाव नाही. विश्वातील मूलकणांच्या दोन महाकुळांपैकी एका कुळाचे ते नाव आहे. दुसरे कुळ फर्मिऑन, तेही लहान अक्षरानेच लिहिले जाते. व्होल्टा आणि अँपिअर यांच्या नावांवरून आलेल्या एककांचीही तीच गत. विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे, याहून मोठा सन्मान विज्ञानात नाही. आणि गंमत अशी, की देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही. तरीही त्या अक्षरासाठी मराठी माणूस हळहळला. दुसऱ्याच्या लिपीतील मानपानाची इतकी काळजी वाहणाऱ्या समाजाने स्वतःच्या लिपीत बोस यांच्या कार्याविषयी किती लिहिले, हे मात्र कोणी विचारले नाही.

बोस यांच्या स्मृतीवर अन्याय झालाच असेल, तर त्याचा मोठा वाटा स्वदेशातच शोधावा लागेल. ज्या एका कार्यासाठी त्यांनी उत्तरायुष्य वेचले, त्या कार्याला या देशातील सुशिक्षित वर्गाने सोयीस्कर विस्मृतीच्या कोनाड्यात ठेवून दिले. ते कार्य म्हणजे मातृभाषेतून विज्ञान.

चार पानांचा चमत्कार

प्रथम त्यांचे शास्त्रीय कार्य काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण ज्यांना नोबेल न मिळाल्याचे दुःख आहे, त्यांतील बहुसंख्यांना ते कशासाठी मिळायला हवे होते, हे सांगता येत नाही.

१९२४ साली बोस ढाका विद्यापीठात अध्यापन करीत होते. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचे सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० साली दिले होते. सूत्र अचूक होते, पण त्याची सिद्धता समाधानकारक नव्हती. तिच्यात जुन्या भौतिकीची आणि नव्या पुंजकल्पनेची सरमिसळ होती. एका पायाने जुन्या घरात आणि दुसऱ्याने नव्या घरात उभे राहण्यासारखा तो प्रकार होता. विद्यार्थ्यांना हे सूत्र शिकवताना बोस यांना ही विसंगती सलत होती. त्यांनी प्रकाशाला केवळ कणांचा समुदाय मानले आणि त्या कणांची गणना नव्या पद्धतीने केली.

ही नवी पद्धत दोन नाण्यांच्या उदाहरणाने घरातील शाळकरी मुलालाही सांगता येते. दोन नाणी उडवली, तर चार शक्यता संभवतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्याचा छापा व दुसऱ्याचा काटा, आणि पहिल्याचा काटा व दुसऱ्याचा छापा. म्हणून दोन्ही छापे पडण्याची शक्यता एक चतुर्थांश. परंतु दोन नाणी इतकी एकरूप असतील, की हे पहिले आणि ते दुसरे असे म्हणण्यालाच अर्थ उरणार नाही, तर शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात. मग उरतात तीन शक्यता, आणि दोन्ही छापे पडण्याची संभाव्यता होते एक तृतीयांश. खिशातील नाणी असे वागत नाहीत; प्रकाशाचे कण मात्र असेच वागतात. बोस यांनी हा हिशेब मांडला आणि प्लांकचे सूत्र जुन्या भौतिकीच्या कुबडीवाचून उभे राहिले.

४ जून १९२४ रोजी त्यांनी हा निबंध अल्बर्ट आइन्स्टाइन यांना बर्लिनला पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून ‘त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिक’ या नियतकालिकात प्रसिद्ध करवला आणि ही सिद्धता म्हणजे महत्त्वाची प्रगती आहे, असा अभिप्राय जोडला. छापील पाने अवघी चार. आइन्स्टाइन यांनी हीच रीत वायूच्या अणूंना लावली आणि अतिशीत अवस्थेत असंख्य अणू एकाच स्थितीत एकवटतील, असे भाकीत केले. सत्तर वर्षांनी, १९९५ साली, एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी अमेरिकेत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी तापमानापर्यंत थंड करून ती अवस्था प्रत्यक्ष घडवली. त्यांना आणि वोल्फगांग केटर्ले यांना २००१ चे नोबेल मिळाले. त्या अवस्थेच्या नावात आइन्स्टाइनच्या आधी बोस आहेत.

नोबेलविषयी बोलायचे, तर १९५६ ते १९६२ या काळात भारतीय शास्त्रज्ञांनी बोस यांचे नाव सुचवले होते. समितीच्या वतीने स्वीडनचे ऑस्कर क्लाइन यांनी कार्याचे परीक्षण केले आणि ते पारितोषिकास पात्र मानले नाही. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. पण त्या निर्णयावर भारतीयांचे नियंत्रण नव्हते. नियंत्रण ज्यावर होते, त्याचे काय केले?

भाषांतरातून उभे राहिलेले विज्ञान

१९२४ च्या त्या पत्रातील एक तपशील बहुतेक चरित्रलेखांतून निसटतो. बोस यांनी आइन्स्टाइनना कळवले होते, की निबंध जर्मन भाषेत करण्याइतके आपले जर्मन चांगले नाही. आणि पूर्वी कोलकात्याहून कोणीतरी सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर करण्याची अनुमती मागितली होती, त्यातील एक भाषांतरकार आपणच, अशी आठवणही दिली होती.

ही पूर्वपीठिका अर्थपूर्ण आहे. बोस आणि मेघनाद साहा हे प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील सहाध्यायी. १९१५ च्या एम.एस्सी. परीक्षेत बोस पहिले, साहा दुसरे. आशुतोष मुखर्जी यांनी या तरुणांना कोलकाता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात शिकवण्यासाठी घेतले. पहिल्या महायुद्धाने युरोपातील नियतकालिकांचा ओघ आटला होता. अशा वेळी ब्रुल नावाच्या प्राध्यापकाच्या संग्रहातील जर्मन पुस्तके मिळवून, जर्मन शिकून, या दोघांनी नवी भौतिकी आत्मसात केली. आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रस्तावनेसह, कोलकाता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केले.

म्हणजे काय झाले? जर्मनमधील विज्ञान भाषांतराने कोलकात्यात आले आणि कोलकात्यात घडलेला भौतिकशास्त्रज्ञ ढाक्याहून बर्लिनला भाषांतरानेच पोहोचला. ज्यांना वाटते, की विज्ञानाची एक जन्मजात भाषा आहे आणि ती इंग्रजी आहे, त्यांनी या घटनाक्रमाकडे डोळे उघडून पाहावे. सापेक्षता इंग्रजीत जन्मली नाही. पुंजसिद्धांतही नाही. प्लांक, आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, श्रोडिंगर हे सर्व आपल्या मायबोलीत विचार करीत, शिकवीत आणि लिहीत. आधुनिक भौतिकीची क्रांती ज्या भाषेत झाली, ती ज्यांच्या घरातली भाषा होती, त्यांनीच ती घडवली. इंग्रजी माध्यमावाचून मुलाचे विज्ञान कच्चे राहील, अशी धास्ती घेतलेल्या पालकांना हा इतिहास कोणी सांगत नाही.

परिषद आणि प्रतिज्ञा

१९२४ ते १९२६ या काळात बोस युरोपात होते. पॅरिसमध्ये ते मेरी क्युरी यांना भेटले. आधी फ्रेंच शिकून घ्या, मग प्रयोगशाळेत या, असे त्या बाईंनी त्यांना इंग्रजीतून समजावले. बोस यांना फ्रेंच येत होते, पण संकोचामुळे ते सांगू शकले नाहीत! परभाषांविषयी या माणसाच्या मनात तिटकारा नव्हता. उलट त्या आवडीने शिकण्याची हौस होती. म्हणूनच त्यांचा मातृभाषेचा आग्रह न्यूनगंडातून आला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

ढाक्यात त्यांनी विभागप्रमुख म्हणून दीर्घकाळ काम केले. १९३७ साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘विश्वपरिचय’ हे सामान्य वाचकांसाठी लिहिलेले विज्ञानाचे बंगाली पुस्तक बोस यांना अर्पण केले. सत्तरी ओलांडलेला महाकवी अणू आणि नक्षत्रे यांवर स्वभाषेत पुस्तक लिहितो आणि ते एका भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती देतो, या घटनेत बंगालच्या त्या पिढीचा निर्धार दिसतो. १९४५ साली बोस कोलकात्याला परतले. स्वातंत्र्य मिळून जेमतेम पाच महिने झाले असता, जानेवारी १९४८ मध्ये, त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक सुरू केले. देश फाळणीच्या जखमांनी विव्हळत होता, ज्या ढाक्यात चोवीस वर्षे काढली ते परदेशात गेले होते, आणि हा मनुष्य बंगाली मुलांसाठी बंगालीत विज्ञान कसे जाईल, याची चिंता वाहत होता.

बंगालीत विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना एक तर बंगाली येत नाही किंवा विज्ञान येत नाही, हे त्यांच्या नावे सांगितले जाणारे वचन बंगालमध्ये सर्वतोमुखी आहे. ते केवळ वचनावर थांबले नाहीत. १९६३ साली परिषदेच्या मासिकाने राजशेखर बसू यांच्या नावाने एक विशेषांक काढला आणि त्यात केवळ मूलभूत संशोधनपर लेख बंगालीत छापले. लोकांना गंमतजंमत सांगण्यापुरती स्वभाषा चालते, संशोधनाला नाही, या आक्षेपाला ते उत्तर होते. त्याआधी १९६२ साली बोस जपानला गेले होते. तेथील विद्वान गहन शास्त्रीय विषयांवर निःसंकोचपणे जपानीत चर्चा करतात, हे पाहून त्यांचा आग्रह अधिकच दृढ झाला. १९५८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, १९५९ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. पण ४ फेब्रुवारी १९७४ रोजी देह ठेवीपर्यंत या कामाविषयीची त्यांची तळमळ ओसरली नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आक्षेप परिभाषेचा. शास्त्रीय शब्दच नाहीत, तर शिकवणार कसे? बोस यांचा दृष्टिकोन येथे विलक्षण व्यवहारी होता. प्रतिशब्द सापडेपर्यंत थांबण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. रूढ झालेला परकीय शब्द खुशाल घ्यावा, वाक्य आपले असावे. स्वभाषाभिमान्यांनीही यातून धडा घ्यावा. बोजड प्रतिशब्दांचे कोश छापून ते कपाटात बंद करणे म्हणजे भाषासेवा नव्हे. ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘कृष्णविवर’ हे शब्द मराठीत रुजले, कारण ते लेखकांनी वापरले, शिक्षकांनी उच्चारले आणि मुलांनी ऐकले. शब्द वापराने टिकतो; समितीच्या ठरावाने नाही.

दुसरा आक्षेप जगाशी संपर्क तुटण्याचा. बोस यांच्याच आयुष्यात याचे उत्तर आहे. त्यांनी आइन्स्टाइनना पत्र इंग्रजीत लिहिले, जर्मन ग्रंथ वाचले, फ्रेंच अवगत केले. जगाशी बोलायला जगाच्या भाषा हव्यातच. इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतूनच सर्व काही शिकणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीने खिडकी उघडते, दुसरीने घराचे दारच बंद होते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या पाठ असते, पण अंगणातील तुळस उन्हावर कशी जगते, हे त्याला आजीला सांगता येत नाही. जे घरी सांगता येत नाही, ते खरोखर कळले आहे काय?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. इंग्रजीमुळे नोकरी मिळते. मातृभाषेचा आग्रह हा सुस्थितांचा छंद असून त्याची किंमत गरिबाच्या मुलाने का मोजावी, असा तो प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. पण आजच्या व्यवस्थेत सर्वाधिक किंमत मोजतो तो गरिबाचाच मुलगा. घरात ज्याच्याशी कोणी इंग्रजी बोलत नाही, तो वर्गात अर्धे वाक्य समजून आणि अर्धे पाठ करून पुढे ढकलला जातो. त्याची बुद्धी कमी नसते. त्याच्या आणि ज्ञानाच्या मध्ये एक भिंत उभी केलेली असते. उच्च शिक्षण आणि रोजगार यांची दारे मातृभाषेला उघडल्याखेरीज ही भिंत पडणार नाही. म्हणूनच हे काम शासन, विद्यापीठे आणि उद्योग यांच्याकडून करवून घ्यावे लागेल. केवळ पालकांना उपदेश करून भागणार नाही.

दोष कुणाचा?

१८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाला दोष देण्याची आपल्याकडे परंपरा आहे आणि तो दोष यथार्थही आहे. परंतु इंग्रज गेल्याला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आता शाळा भारतीयांच्या, अभ्यासक्रम भारतीयांचे आणि प्रवेशअर्जावर सही करणारे हातही भारतीयांचेच. व्याख्यानमालेत स्वभाषेच्या जयजयकाराला टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या प्रवेशासाठी इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे राहायचे, हा दुटप्पीपणा राष्ट्रीय वृत्तीच्या घरांतूनही कमी नाही. परक्यांनी केलेला अन्याय मोजणे सोपे असते. घरातील उंबरठ्यावर घडणारा अन्याय दिसायला धैर्य लागते.

गेल्या काही वर्षांत धोरणाच्या पातळीवर वारे बदलले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्याची वाट मोकळी झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. पण धोरण म्हणजे परवानगी. पुस्तके मंत्रालयात लिहिली जात नाहीत. ती अभ्यासिकेत लिहावी लागतात. बोस यांच्या काळी शासनाचे धोरण अनुकूल नव्हते, तरी परिषद निघाली, मासिक निघाले. आज धोरण अनुकूल आहे, मग लेखण्या कोठे आहेत?

महाराष्ट्र या बाबतीत अगदीच कोरडा नाही. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ती कथा जयंत नारळीकर या विश्वविख्यात खगोलशास्त्रज्ञाने नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाला मराठीत लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा पुन्हा हळहळीचे तेच पूर आले. त्यांचे मराठी लेखन वाचून विज्ञानाकडे वळलेल्या वाचकांच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. त्या पिढ्यांतून घडलेल्या प्राध्यापकांपैकी किती जण आज आपल्या विषयावर मराठीत वर्षाकाठी एक लेख लिहितात, हा प्रश्न मात्र श्रद्धांजली सभांतून कोणी विचारला नाही.

बोस यांच्या जयंतीला प्रतिमेला हार घालून आणि नोबेल समितीला दूषणे देऊन या प्रश्नाची सुटका होणार नाही. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने वर्षातून निदान एक व्याख्यान गावातील शाळेत, गावाच्या भाषेत द्यावे. अभियंते आणि डॉक्टर असलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील मुलांना दर आठवड्याला एक तास आपला विषय मराठीतून समजावून द्यावा. पालकांनी मुलाला शाळेत काय शिकलास असे विचारून थांबू नये. ते आजीला कळेल असे सांगायला लावावे. मराठी शाळेत मुलाला घालणाऱ्या आईबापांच्या पाठीशी समाजाने उभे राहावे आणि ती शाळा उत्तम चालावी म्हणून पैसा, वेळ आणि माणसे द्यावीत. हे घडले नाही, तर मराठी शाळा बंद पडल्याचा दोषही उद्या मेकॉलेच्या माथी मारण्याची सोय उरणार नाही.

नोबेल देणे वा न देणे स्टॉकहोमच्या हाती होते आणि ते प्रकरण आता इतिहासजमा झाले. बोस यांनी जानेवारी १९४८ मध्ये हाती घेतलेले काम मात्र इतिहासजमा झालेले नाही. ते अपुरे आहे आणि ते पुरे करण्यासाठी कोणत्याही परदेशी समितीची शिफारस लागत नाही.